भात भरघोस पिकलं, पण पेज जमली नाही: सुधारित जात निवडताना दाणा कोण बघतं?

खाजनाकाठी (धागाकर्ता)

मंडळी, बरेच दिवस मनात होतं, आज लिहून काढतो.

आमची शेती शिरोड्याच्या बाजूला, जुवारीच्या खाजनाला, म्हणजे नदीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या जमिनीला लागून. बांधाआत असल्यामुळे पावसाळ्यात पाणी गोडं होतं. वडील होते तेव्हापासून सरदीला, म्हणजे पावसाळी पिकाला, ज्योती ही जात. गेल्या वर्षी अर्ध्या मळ्यात एक नवी सुधारित जात लावली. नाव मुद्दाम घेत नाही, कारण दुसऱ्याच्या जमिनीत आणि दुसऱ्याच्या घरात ती उत्तम ठरली असेल. पीक बघून डोळे निवले. रोप ठेंगणं, कुठे लोळलं नाही, कणसं भरलेली, दाणा बारीक आणि लांब. मळणीनंतर मोजलं तर ज्योतीच्या खंडीमागे चारेक कुडव (ही आमची भाताची मापं) जास्त.

मग आईने उकडायला घेतलं. भाणात, म्हणजे उकडायच्या मोठ्या भांड्यात भात, वर चार बोटं पाणी, संध्याकाळी एक ताव देऊन रात्रभर तसंच ठेवायचं, सकाळी पाणी काढून परत वाफ द्यायची. आई घड्याळ बघत नाही. मूठभर भात काढते, तूस नखाने सोलते आणि दाणा दोन बोटांत दाबून मधोमध पांढरा ठिपका राहिला आहे का ते बघते. ज्योतीचं तूस तोंडाशी उघडलं की ती जाळ ओढून घेते. नव्या भाताचं तूस उघडेपर्यंत दाणाच फुटायला लागला. अंगणात वाळत घातल्यावर बघितलं, तर कित्येक दाण्यांची टोकं फुलून बाहेर आलेली.

गिरणीतून आल्यावर कणी नेहमीपेक्षा जास्त. दहा वाजता पेज वाढली, तर शितं विरघळलेली, पेज खळीसारखी चिकट. दुपारी हुमणाबरोबर (माशाच्या आमटीबरोबर) शीत घेतलं, ते बोटांना चिकटत होतं. आई काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी तिने जुन्या पिंपातली ज्योती काढली. तो निकाल मला समजला.

आता पुढची गोष्ट ऐका. त्याच भाताचं एक पोतं मी न उकडता सुरय सडून पणजीला बहिणीकडे दिलं. ती आठ दिवसांनी फोन करून विचारते, "दादा, हा तांदूळ कुठला? मऊ, मोकळा, मुलं वरणाबरोबर दोनदा मागून घेतात." तांदूळ तोच, पण एका चुलीवर नापास झाला आणि दुसऱ्या चुलीवर पहिला आला.

मध्यंतरी एका बैठकीत ऐकलं की गोव्यातला शेतकरी जात बदलायला तयार होत नाही, जुन्याला चिकटून बसतो. मला ते लागलं. बदलायला तयार होतो म्हणून तर अर्धा मळा दिला ना! मळ्यात किती पिकलं ते सगळ्यांनी विचारलं. भाणात काय झालं, गिरणीत काय झालं, ताटात काय झालं, हे कोणी विचारलं नाही. तुमच्याकडे काय अनुभव? जात निवडताना तुम्ही दाण्याचं काय बघता?

---

फोंडेकरीण

दादा, अगदी मनातलं लिहिलंत. आमच्या घरात दोन डबे कायम वेगळे. उकडा रोजच्या पेजेला आणि दुपारच्या शिताला. सुरय पातोळ्यांना, घावनांना, सणाच्या भाताला. नागपंचमीला पातोळ्या करताना मी एकदा चुकून नुकत्याच आलेल्या बारीक तांदळाचं पीठ वाटलं, तर हळदीच्या पानाला पातोळी इतकी चिकटली की सोलताना अर्धी पानावरच राहिली. जाड सुरय तांदळाची पातोळी पानावरून अलगद सुटते, शिरांची नक्षी उमटते. "चांगला तांदूळ" असं कोणी म्हणालं की मी आधी विचारते, कशाला चांगला?

---

बीजप्रेमी

धागा आवडला. मी बियाण्याच्या कामात बरीच वर्षं काढली, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

तुमच्या आईने जे दोन बोटांत दाबून बघितलं, ते प्रयोगशाळेत पिष्ठाच्या मापाने बघतात. तांदळाच्या पिष्ठात दोन घटक असतात, अमायलोज आणि अमायलोपेक्टिन. अमायलोज २५ टक्क्यांच्या वर असेल तर भात मोकळा, कोरडा शिजतो आणि निवल्यावर टणक होतो. २० ते २५ च्या दरम्यान असेल तर मऊ, पण मोकळा. २० च्या खाली गेला की चिकटपणा येतो. उकड्याला आणि पेजेला पहिल्या गटातला जाड दाणा सोसतो, कारण तो तासभर उकळला तरी आकार सोडत नाही. वरणभाताला दुसरा गट लोकांना आवडतो. तुमच्या बहिणीचा आणि आईचा निकाल वेगळा आला यात दोघींपैकी कोणीच चुकलं नाही.

ही गोष्ट जगाने फार महाग शिकली आहे. १९६६ मध्ये फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने आयआर ८ दिली. ठेंगणी, खताला प्रतिसाद देणारी, उत्पन्नात आधीच्या सगळ्यांना मागे टाकणारी. पण दाणा जाड, पोटात खडूसारखा पांढरा, गिरणीत तुटणारा आणि निवला की कडक होणारा. शेतकऱ्याला बाजारात भाव कमी मिळायचा. पुढची जवळजवळ दोन दशकं त्या संस्थेच्या पैदासकारांनी रोगप्रतिकारासोबत दाणाही सुधारला आणि १९८५ मध्ये आयआर ६४ आली. अमायलोज मध्यम, दाणा लांब सडपातळ, भात मऊ. आशियाभर ती पसरली त्यात उत्पन्नाइतकाच चवीचा वाटा आहे.

आपल्याकडची जया १९६८ ची. तायचुंग नेटिव्ह १ आणि टी १४१ यांच्या संकरातून आलेली, पांढरा लांब-जाड दाणा. ज्योती १९७४ ची, केरळच्या पट्टांबी केंद्रातली, पीटीबी १० आणि आयआर ८ यांचा संकर. म्हणजे गंमत बघा, ज्या आयआर ८ च्या भाताला लोकांनी नाकं मुरडली, तिचंच रक्त ज्योतीत आहे. पण दुसऱ्या बाजूने केरळचं जुनं भात आलं आणि दाणा तांबडा, जाड, उकड्याला लायक झाला. केरळ आणि गोवा दोन्हीकडे उकडा खातात. पन्नास वर्षं ज्योती गोव्याच्या मळ्यात टिकली, त्याचं कारण इथल्या स्वयंपाकघरात शोधावं लागतं.

आणखी एक उदाहरण फार शिकवणारं आहे. स्वर्णा ही आंध्रच्या मारुटेरू केंद्राची जात, १९८२ ची, पूर्व भारतात घराघरात. पण पुरात बुडाली की संपली. संशोधकांनी ओडिशातल्या जुन्या भाताचा, एफआर १३ए चा, बुडून तगण्याचा गुण स्वर्णात आणला, आणि बाकी सगळं जसंच्या तसं राहील याची काळजी घेतली. २००९ मध्ये स्वर्णा-सब १ आली. दोन आठवडे पाण्याखाली राहूनही उभी राहणारी. शेतकऱ्यांनी ती पटकन घेतली, कारण शिजल्यावर ती स्वर्णाच होती. फक्त तुसाचा रंग बदलला. मूळ स्वर्णाचं तूस सोनेरी, हिचं पेंढ्याच्या रंगाचं, कारण तो रंग दाबणारं जनुक त्या नव्या गुणाला चिकटून आलं. तांदळात काहीच फरक नाही, पण भात डोळ्याने पारखून घेणाऱ्याला तो फरक पहिल्याच नजरेत दिसतो.

---

गिरणवाला

बीजप्रेमींनी शिजण्याचं सांगितलं, मी गिरणीचं सांगतो. माझ्या बापाची गिरण, आता मी चालवतो. हॉपरमध्ये भात ओतलं की आवाजावरून कळतं दाणा तुटणार की नाही.

साधा हिशोब, शंभर किलो भातात वीसेक किलो तूस जातं, आठ-दहा किलो कोंडा, उरतो सत्तरच्या आसपास तांदूळ. या सत्तरात अख्खा किती आणि कणी किती, तिथे शेतकऱ्याचं नशीब आहे. बारीक लांब दाणा जाड दाण्यापेक्षा लवकर मोडतो, हे खरं. पण खाजनाकाठी भाऊ, सगळा दोष जातीवर टाकू नका. तुमचं कापणी यंत्राने झालं होतं का? आणि कापल्यावर पाऊस पडला होता का?

दाणा उभ्या पिकात वीस-बावीस टक्के ओलीवर असताना कापला आणि हळूहळू तेरा-चौदावर आणला तर अख्खा राहतो. शेतात तो पूर्ण वाळू दिला, मग रात्रीचं दव पडलं किंवा ऑक्टोबरातली संध्याकाळची सर आली, की वाळलेला दाणा पुन्हा पाणी पितो आणि आतून चिरतो. चीर बाहेरून दिसत नाही. तूस काढून दाणा खिडकीच्या उजेडासमोर धरा, आडव्या केसासारख्या रेषा दिसतील. त्या रेषांवर गिरणीत तो तुटतो. पूर्वी घरची माणसं चार दिवस थोडं थोडं कापायची, तेवढंच वाळत घालायची. आता यंत्र एका दुपारी सगळा मळा साफ करतं आणि ओल्या भाताचा ढीग अंगणात येऊन पडतो. वाळवायला जागा कोणाकडे आहे? रस्त्याच्या कडेला ताडपत्री घालून वाळवतात. ढग आला की गोळा, ऊन आलं की पसर. त्यात चांगल्या जातीचंही वाटोळं होतं.

उकड्याचा एक फायदा असा की उकडताना आतलं पिष्ठ शिजून सांधतं आणि बारीक चिरा भरून येतात, म्हणून उकडा सुरयपेक्षा कमी तुटतो. पण उकडल्यावर कडक उन्हात एकदम वाळवला तर नव्या चिरा पडतात. आधी सावलीत, मग उन्हात.

माझ्याकडे येणारे जुने लोक आणखी एक सांगतात, "कोंडा सगळा काढू नको." ज्योतीचा तांबडेपणा त्या वरच्या थरातच असतो. यंत्र एकदा जास्त फिरलं की ज्योती आणि दुसरा कुठलाही तांदूळ दिसायला सारखाच.

---

सत्तरीकर

सगळ्यांचं पटतंय, पण आमची बाजूही ऐका. वाळपईच्या वर आमचं भात रानाला लागून आहे. रानडुकरं आणि गवे रात्रीत मळा उठवतात. मजूर मिळत नाही. अशा वेळी मी पहिल्यांदा बघतो की पीक किती लवकर घरात येतं आणि लोळतं का. चव नंतर. शिवाय दोन गाई आहेत, त्यांना पेंढा लागतो. ठेंगण्या जातीचा पेंढा कमी येतो, हे कोणी हिशोबात धरत नाही.

आणि विकायचं म्हणाल तर आधारभूत किमतीत भाताची चव मोजली जात नाही. विक्रीसाठी जास्त पिकणारी जात घ्यायची आणि घरच्यासाठी मेरेजवळच्या कोपऱ्यात आवडीचं भात लावायचं, असं आमच्याकडे कित्येक जण करतात. जो दाणा आपण खाणार नाही तो पिकवायचा, हे मनाला बरं वाटत नाही. पण मुलांची फी भरायची असते.

---

खाजनाकाठी (धागाकर्ता)

गिरणवाला दादा, हो, यंत्रानेच कापलं. आणि दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात दोन दिवस सर येऊन गेली होती. ज्योतीचा अर्धा मळा त्याआधीच हाताने कापून झाला होता. हे मी हिशोबात धरलंच नव्हतं. तुमचं वाचून काल पिंपात राहिलेले दहा-बारा दाणे सोलून खिडकीत धरले. सात दाण्यांत रेषा होत्या. म्हणजे कणीचा दोष तरी मी त्या जातीच्या माथी चुकीचा मारला. दुरुस्ती करतो. पेज चिकट होण्याचं मात्र चिरांनी स्पष्ट होत नाही, ते बीजप्रेमी म्हणतात तसं पिष्ठाचंच असावं.

सत्तरीकर, तुमचं दुःख समजतं. पेंढ्याचं तर मीही विसरलो होतो.

---

चोडणचा

आमच्याकडे प्रश्न वेगळाच आहे. खाजनाचा बांध फुटला, मानशीच्या (बांधातल्या पाणी सोडायच्या झडपेच्या) दारातून खारं पाणी आत शिरलं, की ज्योती-जया सगळी पिवळी पडून बसतात. तिथे चवीचा विचार करायला वेळच नसतो. खाऱ्यात उभं राहतं ते कोरगुट. उंच वाढतं, पिकायला आलं की आडवं होतं, उत्पन्न कमी. पण दाणा तांबडा, जाड, आणि त्याची पेज पोटाला धरून राहते. माझी आजी बाळंतिणीला कोरगुटाचीच पेज द्यायची.

जुन्या गोव्याच्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने कोरगुटातूनच निवड करून गोवा धान १ आणि २ काढली. गोवा धान ४ मध्ये जया आणि कोरगुट यांचा संकर आहे. मला ही दिशा योग्य वाटते. बाहेरची जात आणून इथल्या खाऱ्यात आणि इथल्या भाणात घुसवण्यापेक्षा इथलंच भात घेऊन त्याला बळकट करायचं. गोव्यातल्या सुमारे १८,००० हेक्टर खाजनाची गोष्ट नेहमी सांगतात, त्यातली कितीतरी जमीन पडीक आहे. ती परत लागवडीखाली यायची असेल तर खारं सोसणारं आणि खाता येणारं, दोन्ही एकाच दाण्यात पाहिजे. नुसतं खारं सोसणारं भात लावून ते कोंबड्यांना घालायचं का?

---

दोडामार्गी

हद्दीच्या पलीकडून लिहितो. आमच्या सिंधुदुर्गात वालय आहे, तांबडं भात. उत्पन्नात सुधारित जाती पुढे, पण आजारी माणसाला आणि पावसाळ्यातल्या पेजेला वालयच हवं म्हणून लोक थोडं का होईना राखतात. चतुर्थीला मुंबईहून येणारे परत जाताना पाच-दहा किलो मागून नेतात, आणि सांगितलेल्या भावाला नाही म्हणत नाहीत. ज्याला ओळखीचं गिऱ्हाईक आहे त्याला जुनी जात परवडते. ज्याला नाही, त्याला सत्तरीकर म्हणतात तसंच करावं लागतं.

---

आजीचीभाण

मी साठ वर्षांची आहे, नातवाने हा धागा वाचून दाखवला, टाईपही तोच करतो आहे. बाबा खाजनाकाठी, तुझ्या आईला नमस्कार सांग. पण एक सांगते, रागावू नको. ज्योतीच्या मापाने तुम्ही दुसरं भात उकडलंत.

जाड दाण्याला पाणी आत जायला वेळ लागतो, बारीक दाण्याला कमी. आम्ही एका वर्षी बारीक भात उकडलं तेव्हा आमचंही असंच फुटलं. दुसऱ्या वेळी मी संध्याकाळी ताव देताना पाणी नुसतं हाताला चटका बसेल इतकंच तापवलं, उकळी येऊ दिली नाही. पहाटे लवकर पाणी काढलं, आणि सकाळची वाफ अर्ध्यावर थांबवली. तूस उघडायची वाट बघायची नाही. दाणा सोलून दाबायचा, मधला ठिपका गेला की उतरवायचं. भाण मोठी असेल तर खालचं भात आधी शिजतं, म्हणून मध्यातून काढून बघायचं, वरून नाही. मग ते भात फुटलं नाही.

पेज मात्र तरीही ज्योतीसारखी झाली नाही, हे खरं सांगते. शीत बरं झालं. पेजेला दाण्यात कस लागतो, तो जाळ कमी-जास्त करून येत नाही.

आणि नवा तांदूळ लगेच शिजवलात का? भात पिंपात चार-सहा महिने मुरू द्यायचं. नवा कुठलाही चिकटच लागतो.

---

फोंडेकरीण

आजी, मधल्या भाताचं मला ठाऊकच नव्हतं. मी नेहमी वरून चार दाणे काढून बघायचे! या वेळी मध्यातून काढेन.

---

बीजप्रेमी

आजींनी सांगितलेलं पुस्तकातल्या प्रत्येक ओळीशी जुळतं. भिजण्याचा वेळ आणि वाफेचा वेळ दाण्याच्या जाडीवर आणि पिष्ठ कुठल्या तापमानाला शिजतं त्यावर ठरतो. ते तापमान जातीनुसार बदलतं, काहींचं ७० अंशांच्या खाली, काहींचं ७४ च्या वर. त्याची परीक्षा सोपी आहे. सहा सडलेले दाणे १.७ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ३० अंशांना २३ तास ठेवतात. दुसऱ्या दिवशी कोणता दाणा तसाच राहिला, कोणता कडेने फुगला आणि कोणता ढगासारखा पसरला यावरून १ ते ७ गुण देतात. कमी तापमानाला शिजणारा जास्त पसरतो. मुरण्याचंही खरं, जुना तांदूळ जास्त पाणी पितो आणि मोकळा होतो.

पैदासकाराच्या वहीत हे सगळे आकडे असतात. माझं म्हणणं एवढंच, की बियाण्याच्या पिशवीवर उत्पन्न आणि दिवस छापतात तसं "उकड्याला योग्य" किंवा "सुरयला योग्य" हेही छापायला हवं. चाचणीच्या मळ्यावर शेतकऱ्याला बोलावतात तेव्हा घरातल्या बाईलाही बोलवावं, आणि कणसं दाखवून परत न पाठवता दोन किलो भात उकडायला द्यावं.

---

सत्तरीकर

पिशवीवर छापायची सूचना फार पटली. पेंढ्याची उंचीही छापा म्हणावं.

---

खाजनाकाठी (धागाकर्ता)

आजी, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. तिने दोनदा ऐकला. मग म्हणाली, "मधल्या भाताचं बरोबर आहे, मी वरचंच काढलं होतं." नवं भात पिंपात अजून साताठ कुडव आहे आणि ते आता चांगलं मुरलं आहे. रविवारी छोट्या भाणात दोन कुडव घालतो आहोत, पाणी चटका बसेल इतकंच, पहाटे उपसून. पेजेला नाही, दुपारच्या शितालाच करून बघणार. अर्धं बहिणीकडे जाईल, सुरयच.

पेरणीचं ठरवलं आहे. खालच्या, बांधाजवळच्या तुकड्याला गोवा धान ४ चं बियाणं मिळतं का ते चोडणच्या भावांना व्यक्तिगत निरोपात विचारलं आहे. मधल्या मळ्यात ज्योती, पेजेसाठी. वरचा एक तुकडा त्या नव्या जातीला पुन्हा देतो, पण या वेळी हाताने कापणार आणि सर यायच्या आत उचलणार. वाळवायला शेजारच्याची गच्ची मागितली आहे.

गिरणवाला दादा, ऑक्टोबरात भात घेऊन तुमच्याकडेच येईन म्हणतो. गिरण कुठे आहे तेवढं निरोपात कळवा, कोंडा अर्धाच काढायचा.